मानसिक आधारगटात श्रद्धेबद्दल बोलू द्यावं का? नियम कसा लिहावा?

ओंजळ (प्रश्न)

नैराश्य, चिंता, बायपोलर (उन्माद आणि नैराश्य यांच्या लाटा येणारा आजार), ओसीडी (नको ते विचार आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृती) अशा सगळ्यांसाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन आधारगटाचं मॉडरेशन आम्ही काही जण मिळून बघतो. शुभार्थी (मानसिक आजार असलेले) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) दोघंही लिहितात, बहुतेक टोपणनावाने. आमचा नियम एका ओळीचा आहे: 'इथे धर्मावर चर्चा नको.'

तो नीट चालत नाही. 'प्रार्थना करत बसले म्हणून कालची रात्र निघाली' ही कमेंट नियमानुसार काढावी लागते, आणि लिहिणारी पुन्हा फिरकत नाही. 'श्रद्धा ठेव, गोळ्या लागणारच नाहीत' हीसुद्धा त्याच नियमाखाली काढतो, पण लिहिणाऱ्याला वाटतं आपला देवच इथे चालत नाही. 'हे सगळं थोतांड आहे' ही मात्र राहून जाते, कारण ती कुणाला धर्माची चर्चा वाटत नाही.

नियम बदलायचा ठरलं आहे. काय लिहावं? कोणत्या पोस्टला साधी सहानुभूती पुरत नाही, हे कसं ओळखावं? आणि उत्तरात नेमके कोणते शब्द वापरावेत? तयार मजकूर मिळाला तर फार बरं होईल.

---

सहप्रवासी

विषयावरची बंदी उठवा आणि वाक्याचा रोख बघा. 'मला याने बळ मिळतं' हे चालेल. 'तूही हेच कर' हे विचारल्याशिवाय चालणार नाही. 'तू हे करत नाहीस म्हणून तुझं असं झालं' हे कधीच चालणार नाही. या तीन पायऱ्यांत बहुतेक भांडणं मिटतात, आणि नियम आस्तिक-नास्तिक दोघांना सारखाच लागतो.

बंदीचा खरा तोटा वेगळाच आहे. आजारी माणसाची अपराधी भावना पुष्कळदा श्रद्धेच्याच भाषेत बाहेर येते: 'देवाने मला टाकलं', 'कुठल्या कर्माची फळं भोगतोय'. विषयच बंद केला की सगळ्यात दुखरी गोष्ट पोस्टमध्ये येत नाही. ती खासगी मेसेजमध्ये जाते. तिथे मॉडरेटर नसतो, आणि 'खात्रीचा उपाय' विकणारे नेमके तिथेच गाठतात.

हा मजकूर घ्या, हवा तसा बदला:

'आपल्या श्रद्धेबद्दल, अश्रद्धेबद्दल किंवा शंकेबद्दल स्वतःपुरतं मोकळेपणाने लिहा. दुसऱ्याला धार्मिक किंवा आध्यात्मिक उपाय सुचवण्याआधी त्याची परवानगी विचारा. नकार आला किंवा उत्तर आलं नाही तर तिथेच थांबा. आजाराचं कारण म्हणून पाप, कर्म, अपुरी श्रद्धा किंवा बाहेरची बाधा सांगू नये. औषध किंवा उपचार बंद करण्याचा सल्ला कोणत्याही कारणाने देऊ नये. कुणाच्याही श्रद्धेची किंवा ती नसण्याची टिंगल करू नये. उपाय, विधी, शिबिरं यांची जाहिरात करू नये आणि त्यासाठी खासगी मेसेज पाठवू नयेत.'

परवानगी विचारणं म्हणजे 'मला एका गोष्टीचा उपयोग झाला, ती श्रद्धेशी जोडलेली आहे, सांगू का?' एवढंच. मात्र नवखे लोक हा प्रश्न विचारतात आणि त्याच कमेंटमध्ये खाली चार परिच्छेद लिहून मोकळे होतात. तसं झालं तर परिच्छेद काढा, प्रश्न ठेवा, आणि लिहिणाऱ्याला कारण कळवा.

काढण्याची पद्धतही ठरवून ठेवा. श्रद्धेच्या विषयात नुसतं 'नियमभंग' असं कळवलं की माणूस दुखावतो, म्हणून कोणतं वाक्य का काढलं ते लिहा: 'तुमच्या प्रार्थनेचा अनुभव आम्ही ठेवला आहे. औषध सोडण्याबद्दलची ओळ तेवढी काढली, कारण अचानक औषध थांबवल्याने आजार उलटू शकतो. ती ओळ वगळून पुन्हा टाकलीत तर स्वागत आहे.' पहिल्या वेळी असा निरोप, दुसऱ्या वेळी ताकीद, तिसऱ्या वेळी काही काळ फक्त वाचण्याची मुभा. विक्री करणाऱ्याला मात्र पहिल्याच वेळी बाहेर काढा, तिथे समजावत बसू नका.

पोस्ट टाकतानाच दोन टॅग द्या: 'श्रद्धेसह उत्तर चालेल' आणि 'श्रद्धेविना उत्तर हवं'. टॅग नसेल तर दुसरा लागू धरावा, कारण संकटातला माणूस टॅग लावायला विसरतो आणि अशा वेळी नको असलेला उपदेश जास्त बोचतो. 'श्रद्धेसह' टॅग लावल्याने औषधाबद्दलचा नियम सैल होत नाही, हे टॅगच्या खालीच लिहा.

---

विवेकतारा (समुपदेशन क्षेत्र)

नियमाबद्दल वर आलंच आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण मॉडरेटरचा गोंधळ तिथे जास्त होतो. श्रद्धेची भाषा तीच, पण आत तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. उत्तर तिन्हींना वेगळं लागतं.

पहिली, श्रद्धेतली ओढाताण. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञाने संकटात श्रद्धा कशी वापरली जाते ते मोजण्यासाठी प्रश्नावल्या तयार केल्या. त्यांतल्या छोट्या प्रश्नावलीत १४ विधानं आहेत: ७ आधार देणारी, ७ ओढाताण दाखवणारी. देवाशी नातं घट्ट वाटणं, त्याच्या साथीने मार्ग शोधणं, राग सोडता येण्यासाठी त्याची मदत मागणं ही पहिली बाजू. देवाने टाकून दिलं, तो शिक्षा करतोय, त्याचं माझ्यावर प्रेमच नाही, माझ्या धर्मबांधवांनीही मला सोडलं ही दुसरी. दुसऱ्या बाजूची भावना जास्त असेल तर नैराश्य आणि चिंताही जास्त आढळतात. मॉडरेटरने अशी वाक्यं कानात ठेवावीत. ती दिसली की 'असं बोलू नये, देव दयाळू आहे' म्हणून खोडायला जाऊ नका. माणूस आपली वेदना सांगतोय आणि आपण त्याला धर्मशास्त्र दुरुस्त करून देतोय असं होतं. त्यापेक्षा असं लिहा: 'इतकी वर्षं ज्याच्यावर भार टाकला तोच पाठ फिरवून बसलाय असं वाटणं किती एकटं करणारं असेल. हे कधीपासून वाटतंय? याबद्दल बोलावंसं वाटेल असं तुमच्या श्रद्धेतलं कुणी विश्वासाचं आहे का?'

दुसरी, धार्मिक मंत्रचळ. ही ओसीडीची एक तऱ्हा आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या मनाची माणसं इथे करतात. पोस्ट अशी असते: 'प्रार्थनेच्या वेळी मनात घाण विचार आला. हे पाप धरलं जाईल का?' तीस जण धीर देतात: नाही, पाप नाही. थोडा वेळ बरं वाटतं. मग नवी शंका: विचार आला तेव्हा क्षणभर मजा वाटली असेल तर? पुन्हा पोस्ट, पुन्हा तीस उत्तरं. प्रत्येक दिलासा म्हणजे मेंदूला दिलेला निरोप, की हा धोका खरा होता आणि खात्री करून घेतली म्हणून वाचलो. हात धुण्याच्या ओसीडीत साबण जे करतो, ते इथे दिलासा करतो. गटात तो चोवीस तास मिळतो, म्हणून गट स्वतःच लक्षणाचा भाग बनतो.

खुणा सांगते: तोच प्रश्न शब्द बदलून येतो, उत्तराने समाधान काही तासही टिकत नाही, प्रार्थना 'बिघडली' म्हणून पहिल्यापासून सुरू केली जाते, त्याच धर्मातले इतर श्रद्धाळू जेवढं पाळतात त्याच्या पलीकडे आणि अगदी एखाद्याच गोष्टीवर काटेकोरपणा असतो, आणि श्रद्धेतून शांती मिळण्याऐवजी फक्त भीती उरलेली असते.

उत्तर एकच ठरवा आणि सगळ्या मॉडरेटरांनी तेच द्या: 'ही शंका किती छळतेय ते दिसतंय. पाप आहे की नाही याचं उत्तर आम्ही इथे देत नाही, कारण असं उत्तर थोडा वेळ टिकतं आणि शंका जास्त जोरात परत येते. ओसीडीत असंच होतं. आत्ता उत्तराशिवाय पुढची दहा मिनिटं कशी काढता येतील, यावर बोलूया का?' मग इतरांसाठी कमेंट बंद करा, नाहीतर खाली दिलासे येतच राहतात. या त्रासावर एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन हा उपचार आहे: शंका येऊ द्यायची आणि खात्री करून घेण्याची कृती टाळायची, तीही पायरीपायरीने, प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर. त्यासाठी श्रद्धा सोडावी लागत नाही. ही भीती अनेकांना उपचारापासून दूर ठेवते, म्हणून आवर्जून लिहा. धर्मगुरूंचं मत घ्यायचंच असेल तर एका विश्वासू व्यक्तीला एकदाच विचारावं, जमल्यास थेरपिस्टला सांगून. दहा जणांना विचारत फिरलं की तोच विधी होऊन बसतो.

तिसरी, भ्रम किंवा उन्माद. 'देवाने मला निवडलंय', 'आवाज येतो आणि काय करायचं ते सांगतो.' इथे दुजोरा देऊ नका आणि वादही घालू नका. फक्त श्रद्धेचे शब्द आहेत म्हणून भ्रम ठरवू नका, आणि श्रद्धेचेच शब्द आहेत म्हणून दुर्लक्षही करू नका. आशयापेक्षा भोवतालचं बघा: झोप किती दिवस उडाली आहे, बोलणं-लिहिणं अचानक वेगवान झालंय का, पैसे उधळणं किंवा खाणं-पिणं सोडणं चालू आहे का, त्याच श्रद्धेतल्या जवळच्या माणसांनाही हे वेगळं वाटतंय का. आवाज आज्ञा देत असेल तर सरळ विचारा: 'तो स्वतःला किंवा कुणाला इजा करायला सांगतो का?' हो असेल तर हे काम गटाचं राहत नाही. ताबडतोब घरातल्या माणसाला बोलवायला सांगा आणि तातडीच्या सेवेचा नंबर द्या. पोस्ट लोकांच्या नजरेआड करा, पण त्या माणसाशी बोलणं तोडू नका. निदान मात्र लिहू नका. 'झोप नाही आणि आवाज आज्ञा देतोय, हे आजच डॉक्टरांना कळायला हवं' एवढं पुरेसं आहे.

---

गोळीवेळेवर

एक मुद्दा राहिला: उपवास. गटात 'मी उपवास धरलाय' असं सहज लिहिलं जातं आणि खाली शुभेच्छा येतात. औषध चालू असेल तर इथे मॉडरेटरने थांबून वाचलं पाहिजे.

बायपोलरसाठी दिलं जाणारं लिथियम सगळ्यात नाजूक. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकण्याऐवजी जास्त राखून ठेवतं, आणि तोच डोस असूनही रक्तातली पातळी चढते. साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठीक, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, आणि काहींना त्याच्या खालीही. म्हणजे अंतर फार थोडं. पाणी न घेता केलेला उपवास, घाम, जुलाब, अचानक मीठ सोडणं या सगळ्यांनी ते ओलांडलं जातं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं, उलट्या-जुलाब, गुंगी यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

भ्रम, उन्माद अशांवर दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी ल्युरासिडोन किमान ३५० कॅलरीच्या आणि झिप्रासिडोन साधारण ५०० कॅलरीच्या जेवणाबरोबर घ्यावं लागतं. रिकाम्या पोटी ते नीट शोषलंच जात नाही, म्हणजे गोळी घेऊनही तिचा परिणाम बराच कमी होतो. खाण्याचा विकार असलेल्यांसाठी उपवास हा आजाराला मिळालेला मान्य परवाना ठरू शकतो, तिथे शुभेच्छा देऊच नयेत. आणि बायपोलर असलेल्याने रात्रभर जागून उपासना करणंही धोक्याचं, कारण झोप तुटल्याने उन्मादाची सुरुवात होऊ शकते.

तयार उत्तर: 'उपवास तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे हे समजतं. सुरू करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: या औषधाबरोबर पाणी न पिता राहता येईल का, गोळीची वेळ बदलता येईल का, आणि कोणती लक्षणं दिसली तर उपवास सोडायचा. डोस स्वतःहून पुढेमागे करू नका.' बऱ्याच धर्मपरंपरांत आजारी माणसाला सूट असते, पण तो निर्णय त्याचा आणि त्याच्या मार्गदर्शकांचा. 'तुमच्या धर्मात चालतं की' हे बाहेरच्याने सांगू नये.

---

निःशंक

आस्तिकांच्या अडचणी सगळ्यांनी मांडल्या. धर्माच्या नावाखाली मारहाण, कोंडून ठेवणं, बहिष्कार असं सोसून आलेली माणसंही याच गटात असतात. त्यांना 'तुझ्यासाठी प्रार्थना करतो' हे वाक्यच अंगावर येतं. 'श्रद्धेविना' टॅग असेल तिथे हे वाक्यही नको, हेतू कितीही चांगला असला तरी.

शिवाय प्रार्थनेचा उपयोग होतो असं म्हणणाऱ्यांनी २००६ सालचा हर्बर्ट बेन्सन या डॉक्टरांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास बघावा. बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण होते. 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे' असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के. 'होईल किंवा होणार नाही' असं सांगितलं होतं आणि प्रार्थना झाली त्यांच्यात ५२, आणि तसंच सांगूनही प्रार्थना झालीच नाही त्यांच्यात ५१.

---

विवेकतारा

@निःशंक, टॅगबद्दल पूर्ण सहमत. पण त्या अभ्यासाचा वापर गटात असा करू नये. तिथे अनोळखी लोकांनी दुरून केलेली प्रार्थना आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत मोजली होती. रात्री तीन वाजता घाबरलेला माणूस स्वतः प्रार्थना करून शांत होतो, त्याबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही. जागतिक मानसोपचार संघटनेने २०१६ साली श्रद्धा आणि अध्यात्माबद्दल भूमिका जाहीर केली. त्यात रुग्णाच्या श्रद्धा समजून घ्यायला सांगितलं आहे, आणि मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या पदाचा उपयोग धार्मिक किंवा धर्मनिरपेक्ष, कोणत्याच विचारांच्या प्रचारासाठी करू नये असंही म्हटलं आहे. मॉडरेटरलाही हेच लागू पडतं, दोन्ही बाजूंनी.

आणि ज्याने धर्माच्या नावाखाली अत्याचार सोसले त्याला 'तो खरा धर्म नव्हे' असं समजावू नका. ते धर्माचा बचाव करणं झालं, आणि सोसलेला माणूस बाजूला राहतो.

समजून घेण्यासाठी क्रिस्टिना पुखाल्स्की या डॉक्टरांनी १९९६ मध्ये आखलेली चार प्रश्नांची चौकट सोपी आहे. गटासाठी ती अशी मांडता येईल: तुम्हाला बळ देणारी श्रद्धा किंवा जगण्याचा अर्थ देणारं काही आहे का? आजाराशी झुंजताना त्याचं किती महत्त्व आहे? त्यातली माणसं पाठीशी आहेत का? आणि आम्ही उत्तर देताना हे लक्षात घ्यावं असं तुम्हाला वाटतं का? चौथा प्रश्न कधीही गाळू नका, परवानगी त्यातच येते. चारही प्रश्न एकदम फेकू नका, नाहीतर फॉर्म भरून घेतल्यासारखं वाटतं.

---

ओंजळ

खूप आभार. मसुदा आणि टॅग जवळजवळ तसेच घेतो. एक अवघड गोष्ट राहिली. जीव द्यावासा वाटतो अशी पोस्ट आली की हमखास कुणीतरी लिहितं, 'आत्महत्या महापाप आहे, असा विचारही करू नकोस.' लिहिणाऱ्याचा हेतू वाचवण्याचाच असतो. हे काढायचं का?

---

विवेकतारा

काढायचं, लगेच. लिहिणाऱ्याला खासगीत कारण सांगा, तिथल्या तिथे सर्वांसमोर नको.

कारण असं. धार्मिक किंवा नैतिक विरोध माणसाला खरोखर थांबवू शकतो. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी १९८३ मध्ये जगण्याच्या कारणांची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात या कारणांचा स्वतंत्र गट आहे. पण हा विरोध उपयोगी पडतो तो स्वतःच्या आतून आलेला असेल तर. बाहेरून लादला की आधीच स्वतःला नालायक समजणाऱ्याच्या यादीत आणखी एक पाप जमा होतं: मी विचारसुद्धा केला. मग तो पुढच्या वेळी सांगत नाही.

म्हणून सांगायच्या जागी विचारा. क्रमाने:

आधी सरळ प्रश्न. 'जीव देण्याचा विचार येतोय का?' विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. मग 'कसं, कधी, काही ठरवलंय का? ते साधन आत्ता जवळ आहे का?' पद्धतीचा तपशील लिहायला लावू नका. सार्वजनिक धाग्यात तो आला तर झाका. योजना आणि साधन दोन्ही असतील तर साधन दुसऱ्याच्या ताब्यात देणं, कुणाला तरी शेजारी बसवणं आणि तातडीची सेवा या तीनच गोष्टींवर बोला. श्रद्धेचा विषय तेव्हा काढू नका.

तेवढी घाई नसेल तर विचारा: 'आजवर अशा वेळी तुम्हाला कशाने थांबवलं?' उत्तर मूल असेल, मांजर असेल, अर्धवट राहिलेलं काम असेल. देव असेल तर त्याच शब्दांत पुढे न्या: 'त्या वेळी नेमकं काय केलंत? कोणती प्रार्थना, कुठे बसून, कुणाला फोन केला?' मग तेच त्याच्या सुरक्षिततेच्या यादीत, त्याच्याच शब्दांत लिहायला सांगा: धोक्याच्या खुणा, एकट्याने करायच्या गोष्टी, जिथे माणसांत जाता येईल अशा जागा, मदत मागता येईल अशी माणसं, तज्ज्ञांचे नंबर, आणि साधन दूर ठेवण्याची व्यवस्था. प्रार्थना यातल्या दुसऱ्या पायरीवर बसते. तिच्यानंतरच्या पायऱ्या रिकाम्या राहिल्या असतील तर त्या भरेपर्यंत सोबत थांबा. आपल्याला उठावं लागणार असेल तर दुसऱ्या मॉडरेटरला नावाने बोलवा, आणि तो आल्याचं लिहील तोवर जाऊ नका.